तेराशे किलो ओढणारी गाडी

त्या वर्षी आमच्या घरात अंतरं मैलांत मोजत नसत, संडासापासून मोजत. स्वयंपाकघर बारा पावलं, म्हणजे ठीक. मागचं गार्डन तीस पावलं, म्हणजे दिवस बरा असेल तरच. रस्त्याच्या टोकाला असलेली पोस्टाची लाल पेटी दोनशे पावलं, म्हणजे नाहीच. नोव्हेंबरमध्ये बायकोचं आतड्याचं ऑपरेशन झालं. ते छान झालं असं सगळे म्हणाले. पण तेव्हापासून तिला एकदा जाणवलं की दोन मिनिटांत जावंच लागे. दोन म्हणजे दोनच, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा. डॉक्टर म्हणत, वेळ लागेल, शरीर हळूहळू शिकेल. शरीर काही शिकायला तयार नव्हतं. बेसिंगस्टोकच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेली, इयर नाईनच्या तीस दांडगट पोरांना नुसत्या भुवईने गप्प करणारी माझी बायको घराच्या चार भिंतींत बसून राहिली.

फेब्रुवारीत एकदाच बाहेर पडलो होतो, जवळच्या सुपरमार्केटला. तिथे काय झालं ते मी लिहिणार नाही. परत येताना ती सीटवर माझा कोट अंथरून बसली होती आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती, एवढंच लिहितो. घरी आल्यावर तिने बाहेरचे बूट पुसले आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिले.

आमची एकुलती एक मुलगी कार्डिफला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मार्चमध्ये तिचा फोन आला.

"बाबा, माझा ग्रॅज्युएशन जुलैमध्ये आहे. दोन तिकीट मिळाले. आई येणार ना? तू प्रॉमिस कर."

पोरगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी असंच. मी प्रॉमिस केलं. फोन ठेवल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "तू जा. मी लाइव्हस्ट्रीम बघीन. माझ्या खुर्चीवर तुझा कोट ठेव." आणि हसली. मला त्या हसण्याचा असा राग आला की मी उठून उगाचच भांडी घासायला लागलो.

बेसिंगस्टोक ते कार्डिफ साधारण सव्वाशे मैल. धडधाकट माणसाला सव्वादोन तास, आणि वाटेत सर्व्हिसेस, म्हणजे थांबायच्या जागा, आहेत. पण एका सर्व्हिसेसपासून दुसरी वीस-पंचवीस मैलांवर, आणि तिथेही पार्किंगपासून आत चालत जायला चार मिनिटं, त्यात रांग. हा हिशेब तिने माझ्याआधीच करून ठेवला होता. ट्रेनचा प्रश्नच नव्हता. तिथलं टॉयलेट बंद असलं तर काय, या विचारानेच तिचा चेहरा उतरायचा.

वाट निघाली ती शेजाऱ्याकडून. आमच्या शेजारी एक रिटायर्ड प्लंबर राहतो, सत्तरीचा इंग्रज. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांची जुनी कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, त्याच्या दारापुढच्या ड्राइव्हवर नुसती उभी होती, बाजूंनी हिरवट शेवाळ धरलेली. ती ओढणारी मोठी गाडी त्याने बायकोच्या मागे विकून टाकली होती. एका सकाळी कचऱ्याचे बिन बाहेर ठेवताना त्याने विचारलं, बायको कशी आहे, आणि काय झालं कोण जाणे, मी कुंपणापलीकडच्या त्या माणसाला सगळं सांगून टाकलं. जे मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते. त्याने ऐकून घेतलं. दुपारी कॅरॅव्हॅनची किल्ली घेऊन दारात आला.

"तिच्यात टॉयलेट आहे," तो म्हणाला. "घेऊन जा. मला ती रोज खिडकीतून बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कोणी नसताना बायको त्याच्या ड्राइव्हपर्यंत गेली, पंचेचाळीस पावलं. कॅरॅव्हॅनच्या अगदी मागच्या टोकाला छोटी बाथरूम होती, खऱ्या लाकडी दाराची. बायको आत गेली, दार लावलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. बराच वेळ ती नुसतीच आत उभी होती. मग बाहेर येऊन म्हणाली, "हे जमेल."

पाच महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं 'जमेल' होतं. संध्याकाळी जिन्याखालच्या कपाटातून तिने बूट काढले आणि दारापाशी ठेवले.

म्हणजे कॅरॅव्हॅन मिळाली आणि ती ओढायला गाडीच नाही. आधी कळस, मग पाया. आमची गाडी छोटी हायब्रिड. तिच्या पुस्तकात टोइंगच्या पानावर एकच ओळ होती, की ही गाडी टोइंगसाठी नाही. मला वाटलं, त्यात काय, दुसरी घेऊ. पंचवीस वर्षं आयटीत काढलेल्या माणसाला गाडी निवडणं म्हणजे काय अवघड? मी स्प्रेडशीट उघडली. माझी ही जुनी खोड आहे. घाबरलो की मी स्प्रेडशीट उघडतो.

शेजाऱ्याने मला कॅरॅव्हॅनच्या दाराजवळची पाटी दाखवली. भरलेल्या अवस्थेत जास्तीत जास्त वजन तेराशे किलो. "गाडी तिच्यापेक्षा जड पाहिजे," तो म्हणाला. "कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायची. नाहीतर उतारावर शेपूट कुत्र्याला हलवायला लागतं." म्हणजे गाडी दीड टनाच्या वरची हवी. शिवाय ती किती ओढू शकते हे कंपनीने ठरवलेलं असतं, ते वेगळंच. त्यासाठी गाडीचं दार उघडून खांबावरची छोटी पाटी वाचायची. तिच्यावर वजनांच्या चार ओळी असतात. पहिली ओळ गाडीचं भरलेलं वजन, दुसरी गाडी आणि मागचं ओझं मिळून. दुसरीतून पहिली वजा केली की ओढायची ताकद. "बाकी सेल्समन काय वाटेल ते बोलू दे," तो म्हणाला, "तू पाटी वाच."

मित्रांना विचारलं ही माझी चूक. स्टॅनमोरचा एक म्हणाला, "अरे, इलेक्ट्रिक घे ना. टॅक्स बेनिफिट मिळतो." महाराष्ट्र मंडळातल्या दुसऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" या देशात तीस वर्षं राहिला, पण ॲव्हरेज काही सुटलं नाही. तिसरा फोनवर खो खो हसला. "कॅरॅव्हॅन? सर्कस काढतोयस का? मोटरहोम रेंट कर आणि मोकळा हो." मोटरहोम आम्ही बघून झाली होती. गाडी दारापर्यंत आणवली, बायको आत चढली. टॉयलेटला प्लॅस्टिकचं सरकतं दार, ड्रायव्हरच्या पाठीपासून हातभर अंतरावर, कडी नाही. ती तशीच खाली उतरली. पण हे मित्रांना कसं सांगणार? आपल्या लोकांत शुगर, बीपी, गुडघे यांवर जेवणाच्या पंगतीत चर्चा चालते, हे दुखणं मात्र कोणाला सांगायचं नसतं. मी कारण सांगत नव्हतो, म्हणून त्यांचे सल्ले निरुपयोगी होते. त्यांचा दोष नाही, पण तेव्हा मला सगळ्यांचा राग यायचा.

एप्रिल आणि मे मी गाड्यांच्या दारांत वाकून घालवले. दर शनिवारी समोरच्या घरातली एक बाई तासभर घरी येऊन बसे आणि मी निघे. सेल्समन मला गरम होणाऱ्या सीट दाखवत, रिव्हर्सिंग कॅमेरा दाखवत. मी गुडघ्यावर बसून टॉर्चने पाटी वाचत असे. एक उंच, रुंद, काळी गाडी होती, डोंगर चढून जाईल अशी दिसणारी. पाटी म्हणाली, साडेसातशे किलो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इलेक्ट्रिक गाड्या जोरदार, पण अर्ध्यांच्या पाटीवर दुसऱ्या ओळीच्या जागी नुसती रेघ. एक गाडी सगळ्यात बसत होती, तर तिच्यात चढायला पाय इतका उंच उचलावा लागे की बायकोच्या टाक्यांना ते झेपलं नसतं. स्प्रेडशीटमध्ये एकोणतीस ओळी झाल्या. सगळ्या लाल.

घरी आलो की बायको विचारायची, "मिळाली?" पुढे पुढे नुसती बघायची. मेच्या शेवटी तिने बघणंही सोडलं. एकदा मुलीशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "लाइव्हस्ट्रीमची लिंक पाठवून ठेव हं." मी बाहेर येऊन पाहिलं, दारापाशी बूट नव्हते. त्या दिवशी मी खरोखर घाबरलो. कार्डिफ राहू दे, मला वाटलं, ही आता कधीच बाहेर पडणार नाही. आपण दोघं या घरात, त्या संडासाच्या दाराच्या आसपासच म्हातारे होणार.

आणि जूनमध्ये गाडी सापडली. अँडोव्हरच्या पुढे एका खेड्यात एक म्हातारं जोडपं, त्यांची करड्या रंगाची डिझेल इस्टेट, लांब डिकीची. दिसायला अगदी सामान्य. मी गुडघ्यावर बसलो. दुसरी ओळ वजा पहिली ओळ, सतराशे किलो. गाडीचं स्वतःचं वजन सोळाशे. सीट खाली, दार रुंद, मागे कॅरॅव्हॅन जोडायचा टो-बार. त्या आजींनी मला चहा दिला. म्हणाल्या, आम्हीही हिच्यामागे कॅरॅव्हॅन लावून स्कॉटलंडला गेलो होतो. मी जागेवरच हो म्हटलं. "मंगळवारी या," आजोबा म्हणाले.

घरी येऊन मी ओरडलोच, "मिळाली!" बायकोने माझे दोन्ही हात धरले. मग मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकटीत पेन्सिलीने 'गाडी' असं लिहायला गेलो, लिहिलं, आणि मग चौकटीतलं काळं वर्तुळ दिसलं. अमावास्या.

इथे मला माझ्याबद्दल काही सांगावं लागेल. मी मंडळात अंधश्रद्धेवर भाषण देणारा माणूस. हे घर घेतलं तेव्हा बाकीचे थांबले होते, म्हणून मी मुद्दाम पितृपक्षात ताबा घेतला आणि ती गोष्ट वीस वर्षं लोकांना ऐकवली. हे कॅलेंडर आई दर दिवाळीला पुण्याहून पाठवते आणि मी फक्त सुट्ट्या बघायला लावतो. पण नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं तोही दिवस अमावास्येचाच होता. आई फोनवर म्हणाली होती, "अरे, अमावास्येला पोटाला हात लावू देऊ नका. दोन दिवसांनी काय बिघडतं?" मी आणि बायको हसलो होतो. हॉस्पिटल काय तिथी बघून तारीख देतं?

चहाचा कप हातात घेऊन मी त्या काळ्या वर्तुळाकडे बघत उभा राहिलो. माझा विश्वास बसला होता असं नाही. पण सात महिने झाले होते, आणि माझ्यात आणखी एक वाईट गोष्ट सोसायची ताकद उरली नव्हती. दोन दिवसांनी काय बिघडतं? मी गार्डनमध्ये जाऊन फोन लावला. "गुरुवारी आलो तर चालेल का?" आजोबा म्हणाले, चालेल, पण अजून एक जण सारखा फोन करतोय. मी म्हटलं, प्लीज, गुरुवार. आत येऊन पेन्सिलीचं खोडलं आणि दोन चौकटी पुढे लिहिलं.

बुधवारी संध्याकाळी मेसेज आला. माफ करा, दुसरे गृहस्थ दारातच येऊन उभे राहिले, गाडी गेली.

बायकोला मी सांगितलं, "त्यांनी शब्द फिरवला." मला चहा पाजणाऱ्या त्या साध्या माणसांवर मी हे ढकललं. ती म्हणाली, "असू दे रे." आणि पाठ फिरवून झोपली.

शनिवारी रेडिंगच्या रस्त्यावर एका डीलरकडे तसलीच गाडी दिसली. तेच मॉडेल, तोच करडा रंग, मागे टो-बार. मी टो-बार हाताने गदागदा हलवून पाहिला. दार उघडलं, बसलो, उतरलो, सही केली. गुडघ्यावर बसलो नाही. तीस गाड्यांच्या पाट्या वाचणाऱ्या माणसाने एकतिसाव्या गाडीची पाटी वाचली नाही. लोक विचारतात, का? घाई होती, असं मी सांगतो. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं.

पाटी शेजाऱ्याने वाचली, ग्रॅज्युएशनच्या दहा दिवस आधी, कॅरॅव्हॅन जोडून बघायच्या सकाळी. खिशातून चष्मा काढला, वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, "हे लहान इंजिन आहे, मेट. बाराशे. हा बार कोणीतरी सायकली लावायला बसवला असणार."

"शंभर किलोंनी काय होतं?" मी म्हटलं.

"कॅरॅव्हॅन उलटते. मी पाहिली आहे उतारावर उलटलेली. गाडीला बरोबर घेऊन उलटते."

"मी हळू चालवीन."

त्याने कॅरॅव्हॅनची किल्ली खिशात टाकली. "मी तिला त्यात बसू देणार नाही."

मी त्याच्यावर ओरडलो. ज्या माणसाने आपल्या बायकोची आठवण मला फुकट देऊ केली त्याच्यावर, भर रस्त्यात. मग त्याच्या ड्राइव्हच्या कडेला बसलो आणि रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. त्याला काय करावं कळेना. तो माझ्या शेजारी उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

आमच्या वरच्या बाथरूमची खिडकी त्या बाजूला उघडते. थोड्या वेळाने पायांत सपाता, अंगात गाऊन अशी बायको खाली ड्राइव्हवर आली. काय झालं ते तिने मला नाही, त्याला विचारलं. त्याने आकडे सांगितले. ती ऐकत होती, आणि मी पाहिलं, तिची ती भुवई वर गेली.

"तेराशे हे तिचं जास्तीत जास्त वजन आहे," ती त्याला म्हणाली. "आत्ता ती किती भरते?"

त्याने कॅरॅव्हॅनच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, कायद्याने बघायचं तर ती भरते तेच धरायचं. पण ते कोणालाच माहीत नसतं.

"मग मोजू या," ती म्हणाली.

एका भंगारवाल्याच्या यार्डात लॉरीचा काटा होता. शेजाऱ्याने स्वतः, आमच्या गाडीला जोडून, वीसच्या वेगाने ती तिथवर नेली. बाराशे पंचेचाळीस. निदान पंचेचाळीस किलो उतरवायचे होते.

आमच्या घरी, तुमच्याही घरी असेल, बॅगा मोजायचा हुकाचा काटा आहे. दर भारतवारीच्या आधी तेवीस किलोंच्या चार बॅगा त्याच्यावर लटकतात, आणि या कामात माझ्या बायकोचा हात धरणारा कोणी नाही. कुठला लोणच्याचा डबा कुठल्या साडीच्या घडीत, कुठलं पुस्तक काढलं की चिवडा बसतो, हे ती डोळ्यांनी सांगते. तो काटा आणि मुलीची जुनी वही घेऊन ती कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसली. आम्ही दोघं एकेक वस्तू बाहेर आणायचो, ती हुकाला लटकवायची, आकडा लिहायची. दाराबाहेर लावायचा तंबू, बारा. गाद्या आणि उशा, सोळा. तो म्हणाला, अहो, झोपणार कशावर? ती म्हणाली, झोपायचं नाहीच. टीव्ही टांगायची लोखंडी पट्टी, गॅसची टाकी, सतरंजी, टेबल, चिनी मातीची भांडी. एक निळा मग त्याने हातात धरून ठेवला, तो तिने मोजलाच नाही, त्याच्या हातात तसाच राहू दिला. जास्तीचं चाक मी उचललं तर दोघंही एकदम "नाही" म्हणाले. मध्ये दोनदा ती उठून आतल्या बाथरूममध्ये गेली. घरी नाही गेली. साडेतीन तास ती बाहेर होती. मोजणारा मी एकटाच होतो, मी कोणाला बोललो नाही.

दुसऱ्यांदा काट्यावर नेली. अकराशे पंच्याण्णव.

"पाच किलो शिल्लक," बायको म्हणाली. "लाडवाचा डबा बसेल."

दारापाशी बूट परत आले.

गाद्या नाहीत म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायचा बेत रद्द. त्याच दिवशी निघायचं, आणि सकाळ तिची सगळ्यात वाईट, म्हणून आठच्या आधी निघणं शक्य नव्हतं. समारंभ अडीचला. कार्डिफच्या बाहेर एका शेतात कॅरॅव्हॅन उभी करायची परवानगी घेतली होती, तिथून टॅक्सी. साडेसहा तास हातात. नेसायची साडी पिशवीत होती, शेतात पोचल्यावर नेसायची, म्हणून ती साध्या कुर्त्यात बसली. शेजारी आरशात दिसेनासा होईपर्यंत ड्राइव्हवर उभा होता.

मोटरवेवर वाटेल तिथे थांबता येत नाही, म्हणून मी ए-फोरने निघालो. त्या रस्त्याला दर दोन-तीन मैलांवर ले-बाय आहेत, लॉऱ्या थांबतात त्या. ती म्हणायची, "थांब." मी इंडिकेटर द्यायचो. ती उतरून मागे जायची, कडीचा आवाज यायचा, मी स्टिअरिंग धरून बसायचो. लागतील अशा चार-पाच जागा मी धरल्या होत्या. मार्लबरोपर्यंतच सात झाल्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. एकदा पस्तीस. मागे ट्रॅक्टर लागला तर तोही आम्हाला ओलांडून जायचा. कॅरॅव्हॅन एकदाही डुलली नाही. गाडीने सगळे चढ गुरगुरत का होईना घेतले. चूक होती ती वेळेत, आणि वेळ कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो.

नदीवरच्या मोठ्या ब्रिजसाठी मोटरवे घ्यावाच लागला. तेवढा वेळ ती दाराचं हँडल धरून, डोळे मिटून बसली होती. चेपस्टोच्या पुढे ए-फॉर्टीएटला लागलो आणि पहिल्या ले-बायला तिने हात वर केला. दोन वाजून वीस मिनिटं. कार्डिफ अजून पंचवीस मैल.

मी मुलीला फोन लावला. बंद. गाऊन घालून रांगेत उभी असणार. मेसेज टाकला, उशीर होतोय. एकच टिक आली.

बायको बाहेर आली तेव्हा मी कॅरॅव्हॅनमध्ये खाली बसलो होतो, नुसत्या फळीवर, सतरंजीसुद्धा नव्हती. फोनवर लाइव्हस्ट्रीम चालू होती. ती माझ्याकडे न बघता शेजारी बसली. हॉल भरलेला होता. एकामागून एक पोरं स्टेजवरून चालत जात होती.

"मंगळवारी गाडी घेतली असतीस," ती म्हणाली, "तर आज गादीवर बसलो असतो."

मी फोन फळीवर टेकवून उभा केला.

"पेन्सिल खोडली तरी ठसा राहतो. आणि काळं वर्तुळ मलाही दिसतं."

"मी घाबरलो होतो," मी म्हटलं. "तुला पुन्हा काही होईल म्हणून. आणि त्या लोकांवर ढकललं. गाद्या असत्या तर काल आलो असतो. आत्ता तिथे असतो. माझ्यामुळे."

"हो," ती म्हणाली. "तुझ्यामुळे." तिने ते सौम्य करून सांगितलं नाही. "मी तेव्हाच विचारणार होते. पण तू इतका वाईट दिसत होतास, मला धीर झाला नाही."

मग मुलीचं नाव पुकारलं, इंग्रज पुकारतात तसं, मधला स्वर मोडून. ती स्टेजवर आली. काळा गाऊन, डोक्यावर ती चौकोनी टोपी, तिच्या आईची चाल. हात मिळवला. आणि खाली उतरायच्या आधी ती थांबली, जेमतेम दोन सेकंद. मान वर करून तिने हॉलमध्ये उजवीकडे वर पाहिलं. ती कुठे बघतेय ते आम्हाला माहीत होतं. तिकिटांवर नंबर होते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र शोधत राहिले, मग मागच्या मुलाचं नाव पुकारलं आणि ती कॅमेऱ्यातून गेली.

बायको रडली. मीही रडलो. लॉऱ्या जात होत्या, प्रत्येक लॉरीबरोबर फळी थरथरत होती. मला वाटलं, संपलं. आता ही घरी जाईल, बूट कपाटात ठेवील, आणि मी पुन्हा कधी तिला 'चल' म्हणू शकणार नाही.

ती भिंतीला धरून उठली. बाथरूममध्ये गेली, कडी लागली. परत आली ती साडी नेसून. त्या दोन हात रुंद खोलीत कशी नेसली देव जाणे, निऱ्या एका बाजूला गेल्या होत्या.

मी गाडीत बसलो. "कुठे वळवू?" मी विचारलं. "पुढे राउंडअबाउट आहे. घरी जायचं तर तिथून—"

"घरी कशाला?" ती म्हणाली. "पोरगी शोधतेय आपल्याला. चल लवकर."